जनावरांच्या साथी आणि रोगनिदानाच्या प्रयोगशाळा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून शहरांत राहणाऱ्या कित्येकांना वाटेल कीं, हा विषय खेड्यांतील मंडळींसाठीं राखून ठेवावयास हरकत नव्हती. आपल्या घरीं गाय नाहीं, म्हैस नाहीं. दूध पिशवींतून येतें आणि अंडीं कोपऱ्यावरच्या दुकानांतून. मग जनावरांच्या रोगांची काळजी आपण कशासाठीं वाहावी? परंतु २००६ सालचा फेब्रुवारी महिना ज्यांना आठवत असेल, त्यांना हा प्रश्न पडणार नाहीं. त्या महिन्यांत मुंबई-पुण्याच्या बाजारांत कोंबडीला व अंड्यांना गिऱ्हाईक मिळेनासें झालें. आणि ज्या घरांत कोंबडी शिजविणें दूरच राहो, तिचें नांवहि निघत नसे, त्या घरांतूनहि ‘बर्ड फ्लू’ हा शब्द रोज ऐकूं येऊं लागला. आपल्या देशांत हा शब्द ज्या गांवामुळें घरोघर पोंचला, त्या गांवाचें नांव नवापूर.

नवापूर हें नंदुरबार जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील त्याचें स्थानक अर्धें महाराष्ट्रांत आणि अर्धें गुजराथेंत आहे, म्हणून प्रवासी मंडळींना तें ठाऊक असतें. या गांवाच्या आसपास पोल्ट्रीचा धंदा मोठा. २००६ च्या जानेवारीच्या अखेरीस तेथील पोल्ट्रींतून कोंबड्या भराभर मरूं लागल्या. कोंबड्या अशा मरूं लागल्या म्हणजे आपल्याकडील धंदेवाल्याच्या मनांत पहिलें नांव येतें तें राणीखेत रोगाचें. यालाच कोणी मानमोडी म्हणतात. हा रोग जुना, ओळखीचा, वरचेवर येणारा. त्यावर लसहि मिळते. नवापुरांतहि आरंभीं राणीखेतचाच संशय धरला गेला, आणि त्यांत नवल कांहींच नाहीं. पुढें नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेकडे गेले, आणि १८ फेब्रुवारी रोजीं उत्तर जाहीर झालें कीं, हा राणीखेत नव्हे. ‘एच५एन१’ जातीचा पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा आहे. भारतांत हा रोग कोंबड्यांत आढळण्याची ही पहिलीच वेळ. मग रोगस्थानापासून ३ किलोमीटरच्या आंतील सर्व कोंबड्या मारून पुरण्याचें आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवण्याचें काम सुरू झालें. लाखों पक्षी मारले गेले. माणसांना लागण झाल्याचें त्या वेळीं आढळलें नाहीं, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

जानेवारीची अखेर आणि १८ फेब्रुवारी यांत सुमारें तीन आठवड्यांचें अंतर आहे. माझें आजचें सर्व बोलणें या तीन आठवड्यांविषयीं आहे. रोगाचें खरें नांव आपल्याला ठाऊक नाहीं म्हणून रोग कांहीं हात जोडून दारांत थांबत नाहीं. अंड्यांचे ट्रे एका पोल्ट्रींतून निघून दुसरींत जातात. व्यापाऱ्याचा टेंपो दहा ठिकाणीं थांबतो. खाद्याचीं पोतीं, मजुरांच्या वहाणा, विष्ठेचें खत, या सर्वांबरोबर विषाणूचा प्रवास चाललेलाच असतो. त्यांतच, कोंबडी मरण्यापूर्वीं तिचे चार पैसे करून घ्यावे, असा मोह कर्ज काढून धंदा करणाऱ्या माणसाला झाला, तर त्याला नुसती नांवें ठेवून भागत नाहीं. आणि रोगाचें नांव चुकीचें धरलें तर उपायहि चुकीचाच होतो. राणीखेतला लस आहे, म्हणून लस टोंचणारा माणूस एका खुराड्यांतून दुसऱ्या खुराड्यांत फिरूं लागतो, आणि ज्या रोगाला अडवावयाचें तोच रोग त्याच्या हातापायांबरोबर फिरतो.

कोणी म्हणेल कीं, अनुभवी डॉक्टरला एवढें कळूं नये काय? याचें उत्तर असें कीं, पुष्कळ वेळां कळणें शक्यच नसतें. सकाळीं गोठ्यांत बैल मरून पडलेला आढळला, तर तो घटसर्पानें मेला, फाशीनें मेला, साप चावून मेला, कीं विषारी चारा खाऊन मेला, हें नुसत्या डोळ्यांनीं निश्चित सांगणें फार अवघड. मरणाच्या दाराशीं पुष्कळसे रोग एकाच वेषांत उभे असतात. आमच्या शाळेंत एकदां जुळे भाऊ एकाच वर्गांत होते. चेहरा, चालणें, बोलणें, खोड्या, सर्व कांहीं सारखें. शिक्षकांना ते ओळखूं येत ते फक्त वहींतल्या अक्षरावरून. प्रयोगशाळा हें अक्षर पाहण्याचें काम करते.

तें काम कसें चालतें, हें नवापूरच्याच उदाहरणावरून पाहूं. जुनी, परंतु अजूनहि विश्वासाची रीत अशी कीं, आजारी कोंबडीच्या श्वासनलिकेंतील व गुदद्वारांतील स्राव कापसाच्या बोळ्यावर घ्यावयाचा, आणि त्यांतील द्रव ज्यांत गर्भ वाढत आहे अशा नऊ-दहा दिवसांच्या अंड्यांत सुईनें घालावयाचा. विषाणु जिवंत पेशींवांचून वाढत नाहीं. अंडें हें त्याचें शेत. कांहीं दिवसांनीं त्या अंड्यांतील पाणी काढून कोंबडीच्या रक्तांतील तांबड्या पेशींत मिसळतात. विषाणु नसेल तर पेशी तळाशीं जाऊन गुंडीसारखा ठिपका दिसतो. विषाणु असेल तर पेशी एकमेकींना चिकटून भांड्याच्या तळावर जाळें पसरल्यासारखें दिसतें. येथपर्यंत सोपें आहे. पण मौज अशी कीं, इन्फ्लुएंझाचा विषाणु हें जाळें विणतो आणि राणीखेतचा विषाणुहि तेंच विणतो! म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे हे दोन रोग पहिल्या परीक्षेंतहि सारखेच उतरतात. म्हणून दुसरी परीक्षा घ्यावी लागते. ज्या पक्ष्याला राणीखेतची ओळख झालेली आहे त्याच्या रक्तजलांत त्या एकाच विषाणूला बांधून टाकणारीं द्रव्यें असतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. तें रक्तजल घातल्यावर जाळें विणलें गेलें नाहीं, तर रोग राणीखेत. जाळें तसेंच राहिलें, आणि एच५ जातीच्या इन्फ्लुएंझाच्या रक्तजलानें मात्र थांबलें, तर नांव वेगळें. ज्याचें कुलूप त्याचीच किल्ली.

या रीतीला दिवस लागतात. आतां तिच्या जोडीला पीसीआर नांवाची चाचणी आली आहे. तिचें वर्णन करण्याची जरुरी नाहीं, कारण कोरोनाच्या साथींत आपणां बहुतेकांना नाकांत काडी घालून घेण्याचा प्रसंग आलेला आहे. विषाणूच्या आनुवंशिक द्रव्याचा लहानसा ओळखीचा तुकडा शोधून त्याच्या असंख्य प्रती करावयाच्या, म्हणजे अत्यल्प प्रमाणांत असलेला विषाणुहि सांपडतो. नमुना टेबलावर आल्यापासून कांहीं तासांत उत्तर मिळूं शकतें. तीन आठवड्यांचे कांहीं तास करणें आज शास्त्राच्या दृष्टीनें शक्य आहे. मग अडतें कोठें, हा खरा प्रश्न.

तिकडे वळण्यापूर्वीं थोडा इतिहास सांगतों, कारण तो आपल्या पुण्याचा आहे आणि पुष्कळ पुणेकरांनाहि तो ठाऊक नसतो. जनावरांच्या रोगांचें संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा या देशांत प्रथम निघाली ती १८८९ सालीं, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या इमारतींत, म्हणजे पुढें जें अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखलें जाऊं लागलें तेथें. तिचें नांव इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, आणि प्रमुख अल्फ्रेड लिंगार्ड. गुरांचा काळ असलेला बुळकांडी रोग हा तिचा मुख्य शत्रु. भर वस्तींत असे जंतु बाळगणें धोक्याचें, शिवाय हवा उष्ण. म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत, सुमारें साडेसात हजार फूट उंचीवरील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. क्षयाचा जंतु शोधून काढणारे रॉबर्ट कॉख १८९७ सालीं तेथें जाऊन आले होते. पुढें याच संस्थेचा विस्तार होऊन इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. पुण्याहून गेलेलें रोप हिमालयाच्या पायथ्याशीं वृक्ष झालें म्हणावयाचें.

बुळकांडीची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. हा रोग लसीनें हटला, असें आपण सर्वजण म्हणतों, आणि तें बरोबरच आहे. परंतु शेवटची लढाई प्रयोगशाळेंत झाली, हें सहसा कोणी सांगत नाहीं. रोग विरळ झाल्यावर एक चमत्कारिक अडचण उभी राहते. लस टोंचलेल्या बैलाच्या रक्तांत प्रतिपिंड असतात, आणि रोग होऊन बरा झालेल्या बैलाच्या रक्तांतहि ते असतात. तेव्हां जोंवर सर्वांना लस टोंचीत आहों, तोंवर विषाणु देशांत आहे कीं गेला हें रक्तावरून कळावयाचें नाहीं. म्हणून धैर्य करून लस टप्प्याटप्प्यानें बंद करावी लागली. त्यानंतर जन्मलेल्या वासरांच्या रक्तांत जर प्रतिपिंड सांपडले, तर समजावयाचें कीं चोर अजून घरांत आहे. यासाठीं गांवोगांवच्या गुरांचें रक्त घेऊन तपासण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें होतें.

त्यांतच आणखी एक घोटाळा होता. शेळ्यामेंढ्यांना बुळकांडीसारखाच एक रोग होतो: तोंडांत व्रण, नाकाडोळ्यांतून स्राव, जुलाब आणि मरण. खेड्यांत त्यालाहि बुळकांडीच म्हणत, आणि अजूनहि म्हणतात. १९८७ सालीं तमिळनाडूंत प्रयोगशाळेच्या तपासणींतून सिद्ध झालें कीं, हा बुळकांडीचा चुलतभाऊ असलेला एक निराळाच विषाणु आहे. १९४२ सालीं आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट देशांत वर्णन झालेला पीपीआर नांवाचा रोग तो हाच. हा भेद करतां आला नसता, तर कोठल्याहि वाडीवरची शेळी आजारी पडली कीं ‘बुळकांडी परत आली’ अशी हांकाटी झाली असती, आणि देश रोगमुक्त झाला असें छातीठोकपणें कोणालाच म्हणतां आलें नसतें. २००६ सालीं भारत या विषाणूपासून मुक्त झाल्याचें आंतरराष्ट्रीय मान्यतेनें ठरलें, आणि २०११ सालीं सर्व जग. देवीनंतर माणसानें पृथ्वीवरून घालविलेला हा दुसराच रोग. नवापूरचें वर्ष आणि ही मान्यता मिळण्याचें वर्ष एकच असावें, हा योगायोग मला नेहमीं विचारांत पाडतो.

आतां अडतें कोठें, याकडे येऊं. पुष्कळांची समजूत अशी कीं, चांगल्या प्रयोगशाळा बांधल्या, त्यांत परदेशी यंत्रें ठेवलीं, कीं साथी आपोआप हातीं येतील. या समजुतीला इंग्लंडनें २००१ सालीं उत्तर दिलें आहे. त्या वर्षीं २० फेब्रुवारीला तेथें लाळ्या-खुरकूत रोगाचें निदान झालें. एसेक्स परगण्यांतील एका कत्तलखान्यांत आलेल्या डुकरांत तेथील पशुवैद्याला तो आदल्या दिवशीं दिसला होता. पिरब्राइट येथील प्रयोगशाळा या रोगाच्या बाबतींत जगांत अग्रगण्य. नमुना हातीं पडतांच तिनें उत्तर दिलें. परंतु तोंवर रोग उत्तरेकडील एका डुक्करपालाच्या वाड्यांतून मेंढ्यांत शिरून, मेंढ्यांच्या बाजारांतून देशभर गेलेला होता. मेंढ्यांत या रोगाचीं लक्षणें इतकीं सौम्य असतात कीं मेंढपाळाच्या लक्षांतहि येत नाहींत. पहिलें निदान होण्यापूर्वींच पन्नासांहून अधिक ठिकाणीं लागण पोंचलेली होती, असें मागाहून निघालें. आणि अखेर साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. प्रयोगशाळेचा यांत दोष नव्हता. तिच्याकडे जें कोणी पाठवीलच नाहीं, तें तिला दिसणार कसें?

त्याच पिरब्राइटच्या आवारांतून २००७ सालीं सांडपाण्याच्या गळक्या नळावाटे विषाणु बाहेर पडून शेजारच्या गुरांना लाळ्या-खुरकूत झाला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. जंतु पकडण्याचें घर बांधावयाचें तर त्याचीं गटारेंहि तितकींच मजबूत हवींत. भोपाळच्या प्रयोगशाळेंत आंतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलें तरी हवा आंत जाते, बाहेर येत नाहीं; बाहेर पडणारी हवा गाळून सोडतात, आणि काम करणाऱ्याला स्नान केल्यावांचून बाहेर येतां येत नाहीं. सोवळ्याओंवळ्याचा हा प्रकार माझ्या आजीलाहि मान्य झाला असता. असें घर जिल्ह्याजिल्ह्यांत बांधणें परवडणार नाहीं, आणि बांधूंहि नये. म्हणून पायऱ्या ठरविलेल्या आहेत. गांवाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत कांचेच्या पट्टीवर रक्त पाहण्याइतकें साधन. जिल्ह्याच्या ठिकाणीं त्याहून थोडें अधिक. आपल्या भागासाठीं पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभाग, जी पश्चिम विभागाची प्रयोगशाळा आहे. अशाच विभागीय प्रयोगशाळा कोलकाता, बंगळूर, जालंधर व गुवाहाटी येथें. मध्यवर्ती प्रयोगशाळा इज्जतनगरला. आणि अतिशय धोक्याच्या विषाणूंसाठीं भोपाळ.

या साखळींत सर्वांत कच्चा दुवा पहिलाच असतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातें. नमुना घेणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. फाशीचा संशय असेल तर मेलेलें जनावर फाडावयाचें नाहीं. त्या जंतूला हवा लागली कीं तो कवच धारण करून जमिनींत वर्षानुवर्षें टिकून राहतो. म्हणून कानाच्या शिरेंतील रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यावयाचा, आणि तेवढ्यावर निदान होतें. लाळ्या-खुरकूताचा विषाणु आंबट द्रवांत मरतो. म्हणून फोडाची सालपटें नुसत्या बाटलींत न टाकतां, आम्लता येऊं न देणाऱ्या खास द्रवांत ठेवावयाचीं. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा अवयवाचा तुकडा फॉर्मॅलीनमध्यें घालतात. पण तोच तुकडा विषाणु वाढविण्यासाठीं पाठविला, तर फॉर्मॅलीननें विषाणु आधींच मारलेला असतो. आणि बर्फ! एप्रिल महिन्यांत मराठवाड्यांतल्या एखाद्या वस्तीवरून नमुना निघतो, एस. टी. च्या टपावर प्रवास करतो, बर्फाचें पाणी होतें, चिठ्ठीवरची शाई पसरते. आणि लाखों रुपयांच्या यंत्रापुढें शेवटीं कुजलेला तुकडा जाऊन पडतो. अशा वेळीं ‘विषाणु आढळला नाहीं’ या उत्तराचा अर्थ ‘रोग नाहीं’ असा घेणें फार धोक्याचें आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. यंत्राला अनुदान मिळतें, कारण यंत्राचें उद्‌घाटन करतां येतें, त्याचें छायाचित्र निघतें. परंतु पीसीआरच्या यंत्राला दर महिन्यास लागणारीं रसायनें मुदतबंद असतात. शीतपेटीला अखंड वीज लागते. आणि ती चालविणारा मनुष्य शिकलेला व कायमचा असावा लागतो. मला विचाराल तर प्रयोगशाळा बळकट करणें म्हणजे प्रथम रिकाम्या जागा भरणें, रसायनांचा पैसा वेळेवर देणें, आणि गांवापासून प्रयोगशाळेपर्यंत एक थंड पेटी आणि ती नेणारा जबाबदार माणूस यांची सोय करणें. नवीं यंत्रें त्यानंतर.

तिसरी गोष्ट परीक्षेची. मी जन्मभर परीक्षा घेतल्या, त्यामुळें ही मला विशेष आवडते. एकच नमुना, त्यांत काय आहे तें न सांगतां, निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे पाठवावयाचा, आणि कोणाचें उत्तर बरोबर येतें तें पाहावयाचें, अशी पद्धति आहे. मुलांची परीक्षा घेणारा शिक्षक स्वतः परीक्षेला बसत नाहीं. प्रयोगशाळेला मात्र बसावें लागतें, आणि तेंच योग्य.

उत्तर वेळेवर मिळालें तर काय साधतें, याचें उदाहरण लम्पी चर्मरोगाचें. गुरांच्या अंगावर गांठी आणणारा हा रोग भारतांत प्रथम २०१९ सालीं ओडिशांत ओळखला गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्यें तो आपल्याकडे जळगांव जिल्ह्यांत आला आणि राज्यभर पसरला. विषाणु कोणत्या कुळांतला हें प्रयोगशाळांनीं आधींच निश्चित केलेलें असल्यामुळें, त्याच कुळांतील शेळ्यांच्या देवीची तयार लस गाईबैलांना टोंचतां आली. नव्या लसीची वाट पाहात बसावें लागलें नाहीं. गुरें मेलीं, पुष्कळ मेलीं. पण हातांत कांहींतरी होतें. शहरांत त्या वेळीं दुधाविषयीं अफवा उठल्या होत्या. हा रोग माणसाला होतच नाहीं, हें विषाणूचें कूळ ठाऊक असल्यामुळेंच खात्रीनें सांगतां आलें.

राहतां राहिला तो मालक. ज्याच्या गोठ्यांत वा पोल्ट्रींत पहिलें जनावर मरतें, तोच या सर्व साखळीचा पहिला माणूस. त्यानें कळविलें नाहीं तर भोपाळचें दार बंदच राहतें. त्याला भीति असते कीं, कळविलें तर सर्वच मारतील. तेव्हां मारलेल्या पक्ष्यांची भरपाई किती मिळणार आणि केव्हां मिळणार, हा प्रश्न मला निव्वळ दयेचा वाटत नाहीं. तो निदानाचाच भाग आहे. भरपाई उशिरा आली, तर पुढच्या वेळीं बातमीहि उशिराच येईल. तसेंच ज्यानें नमुना दिला, त्याला तपासणीचें उत्तर परत मिळालें पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं उत्तर कचेरींतल्या फायलींत जातें, आणि गोठ्याच्या मालकाला शेवटपर्यंत कळत नाहीं कीं त्याची म्हैस कशानें मेली. असा मनुष्य दुसऱ्यांदा नमुना कां देईल?

२०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं सुमारें आठशें कोंबड्या मेल्या. नमुने पुढें गेले, आणि ११ जानेवारीला बर्ड फ्लू असल्याचें जाहीरहि झालें. नवापूरचे तीन आठवडे येथें थोड्या दिवसांवर आले होते. अर्थात् त्या महिन्यांत सर्व देश आधींच सावध होता, हेंहि सांगितलें पाहिजे. राजस्थान आणि मध्य प्रदेश या राज्यांत पक्षी मरत असल्याच्या बातम्या त्यापूर्वींच आल्या होत्या. त्या बातम्यांत आरंभीं मेले होते ते कावळे, आणि ते पोल्ट्रींत नव्हे तर झाडांखालीं, बागांत, वस्तींत पडलेले आढळले होते. शहरांतल्या माणसाचा या साखळीशीं संबंध येतो तो येथें. आपल्या आवारांत दोन-चार कावळे वा पारवे एकाएकीं मरून पडलेले दिसले, तर ते हातांनीं उचलूं नयेत, मुलांना व कुत्र्यांना जवळ जाऊं देऊं नये, आणि झाडणाऱ्या बाईला ‘टाकून दे’ म्हणून सांगूं नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें, किंवा पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर फोन करावा. तो कोठेंहि लागतो, आणि त्याला पैसे पडत नाहींत.